संपत्तीचे व्यवस्थापन : कोणासाठी?

'संपत्तीचे व्यवस्थापन' हे शब्द कानी पडले की सर्वसामान्य गृहस्थाला वाटते, हा धनिकांचा विषय. आपला त्याच्याशी काय संबंध? हा समज अगदीच निराधार नाही. पोर्टफोलिओ व्यवस्थापकाकडे सोपवावयाच्या रकमेची किमान मर्यादा पूर्वी ५ लाख रुपये होती. ती २०१२ मध्ये २५ लाख व २०२० मध्ये ५० लाख झाली. तथापि मुंबईच्या अर्थव्यवहाराचा इतिहास चाळला असता निराळे चित्र दिसते.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. पैशाचा पूर लोटला. बॅक बेचा समुद्र भरून काढण्यासाठी निघालेल्या कंपनीच्या शेअर्सचे भाव गगनाला भिडले. सुरतेत जन्मलेले जैन श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै रोजी वायद्यांची देणी चुकती करण्याचा दिवस उजाडला, तेव्हा कित्येक पेढ्या धुळीस मिळाल्या. शेअर्सच्या तारणावर दिलेली कर्जे बुडाल्याने बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली व १८६८ मध्ये नवी बँक स्थापन झाली. स्वतः प्रेमचंदशेठही या तडाख्यातून सुटले नाहीत. मात्र भरभराटीच्या काळात मुंबई विद्यापीठाला दिलेल्या त्यांच्या देणगीतून ग्रंथालय व १८७८ मध्ये पूर्ण झालेला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. सट्ट्यातील धन विरले. समाजासाठी वेळीच वेगळे काढलेले धन टिकले.

लहान माणसाच्या बचतीचा विचार संस्थारूपाने पुढे आला तो १९६४ मध्ये. युनिट ट्रस्टने दहा रुपये दर्शनी किमतीचे युनिट काढले आणि नोकरदार, निवृत्त मंडळी व गृहिणी गुंतवणुकीकडे वळल्या. जुलै २००१ मध्ये त्याच योजनेची पुनर्खरेदी काही महिने थांबविण्यात आली, तेव्हा याच मंडळींची झोप उडाली. धनिकाचे दहा लाख बुडाले तर त्याचा एखादा बेत लांबणीवर पडतो. निवृत्त शिक्षकाचे दोन लाख अडकले तर मुलीचे लग्न अडते.

ट्रस्टच्या धनाबाबत कायद्याने ही जाणीव पूर्वीच ठेवली होती. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ३५ व्या कलमाने सार्वजनिक न्यासाचा पैसा कोठे गुंतवावा यावर बंधने घातली. कारण विश्वस्ताच्या हाती असलेले धन त्याचे स्वतःचे नसते.

प्रत्येक कुटुंबप्रमुखही याच अर्थाने विश्वस्त आहे. त्याच्या हातातील पैशावर वृद्ध आईवडिलांचे औषध व मुलांचे शिक्षण अवलंबून असते. म्हणून संपत्तीच्या व्यवस्थापनाची खरी निकड ज्याला तोटा सोसवत नाही त्याला अधिक आहे. आपल्या समाजातील अनुभवी व्यापारी बंधूंनी अशा घरांना निरपेक्ष बुद्धीने दोन शब्द सांगितले, तर सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तीही एक मोलाची सेवा ठरेल.