न्यूझीलंडमधील भारतीय समाज : पितृसत्ता आणि बदल

संसदीय निवडणुकीत स्त्रियांना मताचा हक्क देणारा पहिला स्वशासित देश न्यूझीलंड. केट शेपर्ड यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर १९ सप्टेंबर १८९३ रोजी तो कायदा झाला. या देशात येऊन राहिलेल्या भारतीय घरांतली पुरुषसत्ता मात्र हवापालटाने सैल पडली नाही. नोकरी, घरभाडे आणि व्हिसा एकाच माणसाच्या नावावर असल्याने काही घरांत ती इथे जास्तच आवळली गेली.

सुरुवातीचे भारतीय म्हणजे बहुतेक सुरत-नवसारी आणि पंजाबकडचे एकटे पुरुष. बायका गावी, सासूसासऱ्यांजवळ. १९२० च्या कायद्याने प्रवेशाला परवान्याचा अडसर घातला. कुटुंबे मोठ्या संख्येने आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९८७ च्या कायद्याने देश पाहून प्रवेश देण्याची रीत मोडली आणि शिकलेले नोकरदार येऊ लागले, त्यांत मराठी कुटुंबेही. २०२३ च्या जनगणनेत भारतीयांची संख्या २,९२,०९२ भरली.

नवऱ्याच्या आधारावर व्हिसा मिळालेल्या नव्या सुनेची अडचण समजायला सोपी आहे. पासपोर्ट कुणाच्या तरी कपाटात, बँकेचे खाते नवऱ्याचे, गाडी चालवता येत नाही, माहेर समुद्रापार. भांडण झाले की ‘परत पाठवून देईन’ हे एकच वाक्य पुरते. भारतात निदान भाऊ दारात येऊन उभा राहू शकतो.

या कोंडीवर पहिला संघटित उपाय स्थलांतरित बायकांनीच काढला. १९९५ मध्ये ऑकलंडला ‘शक्ती’ ही संस्था निघाली. बांगलादेशात जन्मलेल्या फरीदा सुलताना तिच्या संस्थापकांपैकी एक. भारतीय, आफ्रिकी, अरब अशा वेगवेगळ्या घरांतून बाहेर पडलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळतो. २०२० मध्ये भारतीय वंशाच्या पहिल्या मंत्री झालेल्या प्रियांका राधाकृष्णन यांनीही पूर्वी या संस्थेत काम केले होते.

छळामुळे नवरा सोडणाऱ्या स्त्रीला स्वतंत्रपणे कायम राहण्याचा परवाना मागता येतो. पण त्यासाठी मायदेशी परतल्यास पोटापाण्याची सोय होणार नाही, किंवा समाज छळेल, वाळीत टाकील, हे पटवून द्यावे लागते. म्हणजे आपल्याच माणसांची अनुदारता तिने परक्या कचेरीत कागदोपत्री सिद्ध करायची. ज्या बाईला माहेर सन्मानाने परत घेईल, तिचा अर्ज त्यामुळेच लंगडा पडू शकतो.

कायद्याच्या दृष्टीने २०१८ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षीच्या कौटुंबिक हिंसा कायद्याने हुंड्यावरून होणारा छळ स्पष्ट शब्दांत हिंसेत गणला; हा कायदा १ जुलै २०१९ पासून लागू झाला. जबरदस्तीने लग्न लावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला, शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या लग्नाला तोवर आईवडिलांची संमती पुरत असे. खासदार जो हेस यांच्या विधेयकामुळे ती मुभा जाऊन कौटुंबिक न्यायालयाची परवानगी आवश्यक झाली. लग्न लादणारे बहुधा आईवडीलच असताना संमतीही त्यांचीच धरली जात होती, हे उशिरा का होईना लक्षात आले. तरीही पोटच्या मुलीने आईबापांविरुद्ध साक्ष द्यायची, हा पेच कुठल्याच कलमाने सुटत नाही.

ठरवून केलेल्या लग्नांचा प्रश्न २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला. जोडीदाराच्या व्हिसासाठी जोडपे एकत्र राहत असल्याचा पुरावा अधिकारी काटेकोरपणे मागू लागले. मुलगा लग्न करून पंधरवड्यात कामावर परतलेला; एकत्र भाडेकरार आणायचा कुठून? अर्ज नाकारले गेले, भारतीय समाजात संताप उसळला. मंत्री शेन जोन्स यांनी नाराजांना पुढच्या विमानाने घरी जा असे सुनावल्याने तो आणखी भडकला. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने नियम सैल केले आणि परदेशात लागलेल्या अशा लग्नांनाही व्हिजिटर व्हिसाची वाट मोकळी झाली. त्यानंतर नवा जोडीदार आला तरी त्याच्या किंवा तिच्या राहण्याचा आधार आधीपासून इथे असलेला जोडीदारच राहिला.