चिंतेच्या क्षणी प्रार्थनेचा विसावा

चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचेच अंतर, असे आपल्याकडे म्हटले जाते. सकाळची लोकल, कार्यालयातील कामाच्या मुदती, घराचे हप्ते आणि मुलांच्या परीक्षा यांच्या ओझ्याखाली वावरणाऱ्या शहरवासीयाला या म्हणण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मनःशांतीसाठी योग, विपश्यना, नामस्मरण हे मार्ग मराठी वाचकाच्या परिचयाचे आहेत. ख्रिस्ती परंपरेनेही या प्रश्नाचा सुमारे दोन हजार वर्षे विचार केला आहे. चिंता कायमची नाहीशी होईल, असे आश्वासन या परंपरेने दिलेले नाही. दिवसभरात तिला ठरावीक वेळी थांबविण्याची शिस्त मात्र तिने घालून दिली आहे.

प्रार्थनेचे प्रहर

दिवसातून तीन वेळा प्रार्थना करण्याची प्रथा ज्यू धर्मातून ख्रिस्ती धर्मात आली. बायबलमधील दानिएल दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना करीत असे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींसाठी लिहिलेल्या 'दिदाखे' या ग्रंथातही येशूने शिकविलेली प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणण्याची सूचना आहे. पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या प्रार्थनांचे वेळापत्रक आखून दिले.

सामान्य कॅथलिक भाविकांसाठी याचे सोपे रूप म्हणजे 'अँजेलस'. सकाळी सहा, दुपारी बारा आणि सायंकाळी सहा वाजता चर्चची घंटा वाजली की हातातील काम क्षणभर बाजूला ठेवून म्हणावयाची ही प्रार्थना जेमतेम दोन-तीन मिनिटांची असते. गोव्यात आणि वसई परिसरात ही प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. प्रोटेस्टंट कुटुंबांत स्तोत्रवाचन, स्वतःच्या शब्दांतील प्रार्थना आणि गायन यांवर भर असतो. मराठी चर्चमध्ये आजही रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची भक्तिगीते गायिली जातात.

बंदिवासातून आलेला सल्ला

चिंतेविषयी ख्रिस्ती भाविक ज्या वचनाचा सर्वाधिक आधार घेतात, ते संत पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. कशाचीही चिंता करीत न बसता आपली मागणी आभारासह देवापुढे मांडावी, असा त्याचा आशय आहे. हे पत्र लिहिताना पौल स्वतः बंदिवासात होता आणि आपण जगणार की मरणार, हे त्याला ठाऊक नव्हते. त्यामुळे हा सल्ला सुस्थितीतील माणसाने दुःखिताला केलेला उपदेश ठरत नाही.

या सल्ल्यात एक क्रम दडलेला आहे. चिंता बहुधा मोघम असते, तर मागणे नेमके असावे लागते. 'सारेच बिघडणार' या भीतीचे 'उद्याच्या तपासणीला सामोरे जाण्याचे बळ दे' असे वाक्य झाले, की तिचा आकार आटोक्यात येतो. त्याला आभाराची जोड दिली, की जे अजून बिघडलेले नाही तेही नजरेसमोर येते. उद्याची काळजी उद्यावर सोपवावी, ही येशूची शिकवण मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. ओझे एका दिवसापुरते मर्यादित ठेवणे, हाच तिचाही रोख आहे.

एकच वाक्य, पुनःपुन्हा

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेले संन्यासी इव्हाग्रिअस यांनी दुपारच्या अस्वस्थतेचे सूक्ष्म वर्णन केले आहे. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, साधक सारखा खिडकीकडे पाहतो आणि जेवणाची वेळ किती दूर आहे हे मोजत राहतो. कार्यालयात घड्याळाकडे पाहणाऱ्यांना हे वर्णन परके वाटू नये. त्यांच्या मागोमाग आलेल्या जॉन कॅसिअन यांनी यावर, स्तोत्रसंहितेतील साहाय्याची याचना करणारे एकच लहान वाक्य दिवसभर मनात घोळवत ठेवण्याचा उपाय सांगितला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये येशूचे नाव घेऊन दयेची याचना करणारी छोटी प्रार्थना अशाच प्रकारे जपली जाते.

कॅथलिकांची रोझरी, म्हणजे जपमाळ, हाही याच जातीचा प्रकार. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींना लॅटिन भाषेतील रोझरी आणि योगमंत्र म्हणावयास सांगितले. दोन्ही प्रकारांत श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि हृदयाच्या लयीवर त्याचा अनुकूल परिणाम दिसला. अर्थात, हा अभ्यास लहान होता आणि त्यात चिंताविकाराच्या रुग्णांवरील उपचार तपासलेले नव्हते.

तंत्र की प्रार्थना?

मुंबईत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो (१९३१-१९८७) यांनी 'साधना' या १९७८ मधील पुस्तकात श्वास, शरीराची जाणीव आणि ख्रिस्ती प्रार्थना यांची सांगड घातली. त्यांच्या काही मतांवर १९९८ मध्ये व्हॅटिकनने आक्षेप नोंदविला. मन शांत होणे हा प्रार्थनेचा परिणाम असू शकतो, पण तिचा हेतू ईश्वराशी संवाद हाच आहे, अशी पारंपरिक ख्रिस्ती भूमिका आहे. म्हणूनच शांती न लाभलेल्या दिवसाची प्रार्थनाही निष्फळ मानली जात नाही.

दिवसाची आखणी

या परंपरेच्या आधारे नोकरदार भाविकाला पुढीलप्रमाणे क्रम ठेवता येतो.

सकाळी : मोबाइल हाती घेण्यापूर्वी येशूने शिकविलेली प्रार्थना सावकाश म्हणावी.

दुपारी : जेवणापूर्वी दोन मिनिटे थांबून मनातील एका चिंतेला नाव द्यावे आणि एका गोष्टीबद्दल आभार मानावेत.

प्रवासात : एखादे लहान वाक्य श्वासाच्या लयीत मनात म्हणावे.

रात्री : संत इग्नेशिअस लोयोला यांनी घालून दिलेल्या पद्धतीने दिवसाचा आढावा घ्यावा. आभार, चुकांची कबुली आणि उद्यासाठी साहाय्याची याचना असा तो क्रम आहे.

एक पथ्य मात्र आवश्यक आहे. झोप उडणे, छातीत धडधड, कामावर लक्ष न लागणे अशी लक्षणे आठवडेच्या आठवडे टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे, हा समज काही भाविकांना उपचारापासून दूर ठेवतो. त्याला बायबलमध्ये आधार नाही. शुभवर्तमानकार लूक हा स्वतः वैद्य होता, असे परंपरा मानते.