निशाणी नांगर

घड्याळ काढून ठेवा, त्याचा इथं उपयोग नाही. तुम्ही उतरलात ते परळला, 23 सप्टेंबर 1884 रोजी, आणि इथला कामाचा दिवस सूर्याच्या हिशेबानं चालतो. गिरण्यांत अजून विजेचे दिवे आलेले नाहीत. फटफटलं की साचे सुरू, दिसेनासं झालं की बंद. थंडीत हे दहा-साडेदहा तासांत उरकतं, उन्हाळ्यात तेच तेरा-चौदा तासांवर जातं. महिन्याच्या पगारावरच्या माणसाला मात्र पौषात आणि वैशाखात तेवढाच पैसा.

घोड्यांची ट्राम तुम्हाला मागंच सोडावी लागली. बोरीबंदरला नव्या स्टेशनच्या इमारतीचं काम चालू होतं ते येताना पाहिलंत. इथं उत्तरेला ताडाची झाडं आणि त्यांच्याहून उंच धुराडी. नवरात्र बसलंय, खोल्याखोल्यांतून घट मांडलेत, आणि चार-पाच दिवसांवर खंडेनवमी आहे. सुपारीबागेकडे माणसांची रीघ लागलीय. त्यांच्यामागोमाग चला. डोक्यातल्या केसांवर, मिशांवर, कानाच्या पाळीत पांढरा कापूस बसलेला दिसेल. तो झटकायचा असतो हे इथं कुणाच्या लक्षातही येत नाही.

गर्दीत एक मालवणी माणूस तुम्हाला न्याहाळतो. तुमच्या अंगावर कापूस नाही, हे त्यानं पहिल्यांदा पाहिलं.

"खंयच्या गिरणीतलो रे तू?"

आज सुट्टी घेतलीय, असं तुम्ही सांगून जाता. तो हसायला लागतो. "सुटी? आमका आयताराक पण जावक व्हया. साचे पुसूक."

रविवारी गिरणी बंद असली तरी यंत्रं साफ करायला बोलावणं असतंच, आणि त्यात अर्धा दिवस जातो. बाकी सुट्ट्या म्हणजे वर्षाकाठी सणावारी मिळतील त्या मोजक्या. पलीकडे साताऱ्याचा एकजण उभा आहे, त्याचं दुखणं वेगळं.

"सुट्टीचं ऱ्हाऊ द्या पाव्हणं. केलेल्या कामाचा पगार तरी टायमात द्या म्हनावं. ह्या म्हैन्याचा पुढल्या म्हैन्याच्या आखरीला हातात पडतुया. तवर वाण्याच्या वहीवर जगायचं. आन् मधीच नोकरी सोडली तर तटलेला पगार गेलाच म्हना."

पगार असा दीड-दीड महिना अडकवून ठेवण्यात हिशेबाची अडचण कमी आणि धोरण जास्त आहे, हे तुमच्या लगेच ध्यानात येईल. ज्याचे पैसे मालकाकडे अडकलेत तो पळून जात नाही. मुकादमाशी भांडतही नाही. शिवाय तोच मुकादम कामावर लावणार आणि तोच काढणार.

बोलायला उभे राहिलेत ते नारायण मेघाजी लोखंडे. वय छत्तीस. जन्म ठाण्याचा, शिक्षण बेताचं, आधी कारकुनी, मग गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी. नोकरी सोडून हा माणूस वर्तमानपत्राच्या मागं लागला. 'दीनबंधु' हे कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात काढलेलं पत्र 1880 पासून लोखंडे मुंबईत चालवतायत. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. समाजाला उद्या, 24 सप्टेंबरला, अकरा वर्षं पुरी होतात.

आज सभा भरवण्याला कारण आहे. मुंबई सरकारनं कारखान्यांच्या कायद्यात काही फेरफार करावा का, हे पाहायला कमिशन नेमलंय. आधीचा कायदा 1881 चा. त्यानं काय केलं, तर सात वर्षांखालच्या पोरांना कामावर घ्यायला बंदी घातली आणि सात ते बारा वयाच्या पोरांना नऊ तासांची मर्यादा आखून दिली. पुन्हा वाचा ते: सात वर्षांचं मूल, नऊ तास. मोठ्या माणसांबद्दल आणि बायकांबद्दल त्यात अवाक्षर नाही. कमिशन मालकांना विचारणार, मॅनेजरांना विचारणार, डॉक्टरांना विचारणार. कामगारांनाही विचारावं म्हणून इथं अर्ज तयार होतोय.

अर्जात पाच कलमं आहेत. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास जेवणाला. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर असताना मोठी दुखापत झाली तर माणूस बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, कायमचा निकामी झाला तर त्याच्या पोटापाण्याची काही तजवीज व्हावी.

पगारवाढ यात कुठंच नाही, याकडे आजवर फारसं कुणी बोट दाखवलेलं माझ्या वाचनात नाही. एक पैसाही जास्त मागितलेला नाही. जे कमावलं ते वेळेवर द्या, बोट गेलं तर उपाशी मारू नका, आणि दिवसाला एक शेवट असू द्या. तिसरं कलम मान्य झालं असतं तरी उन्हाळ्यात बारा तासांच्या वर काम राहिलंच असतं. मागताना इतकं थोडं मागायचं की नाही म्हणणाऱ्यालाच लाज वाटावी, हा लोखंड्यांचा डाव असावा. तो भित्रेपणा होता असं म्हणणारे पुढं निघाले, पण त्यांनी गिरणीच्या दारात मुकादमाची नजर चुकवून सह्या गोळा केलेल्या नव्हत्या.

आता टेबलाजवळ जा. तिथं खरी गंमत आहे.

कारकून मांडी ठोकून बसलाय, समोर दौत, हातात बोरू. रांगेतला माणूस पुढं येतो. नाव? बापाचं नाव? गाव? लिहिता येणारे शंभरात दोन-चार. ज्याला येत नाही त्याच्यासाठी आपल्याकडची जुनी रीत आहे, खतांवर आणि कबुल्यांवर चालत आलेली. कारकून नाव लिहितो, पुढं लिहितो 'निशाणी नांगर', आणि मग बोरू त्या माणसाच्या हातात देतो. कुणब्याची निशाणी नांगर. तलवार मिरवणाऱ्या घराण्याची कट्यार. बाई असेल तर बांगडी.

हा माणूस साचे चालवतो, तुटलेला धागा एका चिमटीत सांधतो, पण बोरू हातात आल्यावर त्याची बोटं लाकडासारखी होतात. एक आडवी रेघ, तिला तिरपी दांडी, पुढं फाळाचं टोक. शाईचा एक टिपका पडतो. तो घाबरून कारकुनाकडे पाहतो. कारकून म्हणतो, "असू दे, चालतंय." गावाकडं ज्या जमिनीवर नांगर चालत होता ती सावकाराकडे गेलीय किंवा पाच भावांत वाटून हातरुमालाएवढी उरलीय, म्हणून तर तो मुंबईला आला. कागदावर मात्र तो अजून शेतकरीच आहे.

त्याच्या मागचा रांगेतून बाहेर पडतो. मुकादमाचा भाऊ त्याला दिसलाय. थोडा वेळ झाडाखाली उभा राहून तो परत येतो, रांगेच्या अगदी शेवटी. असे किती आले आणि किती गेले याची नोंद कुठं होत नसते. 26 तारखेला पुन्हा सभा होते. हळूहळू साडेपाच हजार सह्या आणि निशाण्या जमतात. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा चाळीस हजारांच्या घरात माणसं आहेत, म्हणजे सातआठांमागं एकानं तरी कागदाला हात लावला.

अर्ज कमिशनकडे गेला. पुढं काय? तुम्ही आजच्या काळातून आलेले, तुम्हाला उत्तर ठाऊक असल्यासारखं वाटतंय. कमिशननं ऐकून घेतलं, अहवाल दिला, आणि 1881 चा कायदा 1891 पर्यंत जसाच्या तसा राहिला.

मधल्या काळातलं एक भांडण ऐकून घ्या, कारण ते आपल्या घरातलं आहे. गिरणीच्या कायद्याला मुंबईचे मालक विरोध करणार हे उघडच होतं. पण पुण्याची राष्ट्रीय बाण्याची पत्रं, 'केसरी' आणि 'मराठा', तीही विरोधात होती. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. मँचेस्टरच्या कापडवाल्यांना मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा डोळ्यांत सलत होती, आणि हिंदी मजुरांचा त्यांना आलेला कळवळा हा बराचसा स्वतःच्या कापडाचा होता. देशी धंदा नुकता कुठं उभा राहतोय, त्याच्या पायात कायद्याची बेडी घालू नका, असा तो युक्तिवाद. सगळं खरं. फक्त त्या युक्तिवादात सात वर्षांचं पोर कुठं बसवायचं हे कुणी सांगत नव्हतं. लोखंड्यांनी ते सांगायचा हट्ट धरला. मँचेस्टरचा हेतू वाईट आहे म्हणून परळच्या माणसाची रविवारची मागणी खोटी ठरत नाही. आज हे वाक्य लिहायला सोपं जातं. 1884 साली देशी वर्तमानपत्र चालवताना ते लिहिण्यात देशद्रोह्यांत गणलं जाण्याचा धोका होता.

1889 साली पुन्हा अर्ज गेला. मागण्या त्याच.

आता सहा वर्षं पुढं या. 24 एप्रिल 1890, महालक्ष्मीचं रेसकोर्सचं मैदान. ऊन आहे, सावली नाही. दहा हजार माणसं जमलीत, आणि या वेळी बोलायला उभं राहणाऱ्यांत दोन बाया आहेत, गिरणीत काम करणाऱ्या. 1890 सालात जाहीर सभेत, दहा हजारांपुढं, बाई बोलते आहे आणि तीही रीळखात्यातली. शिकल्यासवरलेल्या घरांतून अजून बायकांनी सभेला यावं का यावर वाद चाललेत, तेव्हा तुम्ही क्षणभर त्यांच्याकडेच पाहत राहिलात तर नवल नाही.

पण कागदाकडेही पाहा. त्याच्या मायन्यात फरक पडलाय. मागचे अर्ज सरकारच्या दारात गेले होते. हा थेट गिरणीमालकांच्या संघाला लिहिलाय. पाचांतलं एकच कलम पुढं ठेवलंय, रविवार. माझ्या मते लोखंड्यांच्या सबंध कारकिर्दीतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच. कायदा करायला सरकारला कलकत्त्याला, लंडनला विचारावं लागतं, रविवारी गिरणी बंद ठेवायला मालकाला कुणालाच विचारावं लागत नाही. आणि दहा हजार माणसं एका मैदानात मावतात हे मालकांनी त्या दिवशी पाहिलेलं होतं.

10 जून 1890 रोजी मालकांच्या संघानं आठवड्याची सुट्टी कबूल केली.

दरवर्षी जून महिन्यात आपल्या फोनवर एक निरोप फिरतो की भारताला रविवारची सुट्टी लोखंड्यांनी मिळवून दिली. त्यात थोडी गफलत आहे. सरकारी कचेऱ्या आणि साहेबांचे बँकव्यवहार त्याआधीपासून रविवारी बंद असायचे. लोखंड्यांनी मिळवला तो गिरणीतल्या माणसाचा रविवार, आणि तो मिळवणं जास्त अवघड होतं, कारण कचेरी बंद राहिली तर कुणाचा नफा बुडत नव्हता. जेजुरीच्या खंडोबाचा वारही हाच. घाटावरच्या माणसाला रविवार पाळायला साहेबाच्या चर्चचं कारण लागत नव्हतं.

1891 च्या कायद्यानं आठवड्याची सुट्टी लेखी झाली. दुपारचा अर्धा तासही आला. बायकांचे तास अकरावर थांबले. पोरांचं वय सातावरून नवावर गेलं.

तिसऱ्या कलमाची, सूर्यास्ताच्या, गत मात्र विचित्र झाली. ज्या सूर्याच्या भरवशावर ते लिहिलं होतं त्याचीच सत्ता गेली. गिरण्यांत विजेचे दिवे लागले. 1905 च्या सुमारास कापडाला तेजी आली तेव्हा त्या दिव्यांच्या उजेडात चौदा-पंधरा तास साचे चालू लागले. 1884 साली ज्यानं निशाणी करून 'अंधार पडला की थांबवा' असं मागितलं होतं, त्याच्या हयातीतच अंधार पडायचा थांबला. गड्यांसाठी बारा तासांची हद्द पडली ती 1911 च्या कायद्यानं. तोवर लोखंड्यांना जाऊन चौदा वर्षं झाली होती. मुंबईत प्लेग आला तेव्हा ते रोग्यांसाठी धावपळ करत होते. 9 फेब्रुवारी 1897 ला त्याच रोगानं ते गेले.

पाचवं कलम, दुखापतीचं. त्यासाठी 1923 उजाडावं लागलं. कामगार नुकसानभरपाईचा कायदा त्या साली झाला. किती बोटं, किती हात मधल्या एकोणचाळीस वर्षांत पट्ट्यांखाली गेले असतील.

राहिला साताऱ्याच्या पाहुण्याचा प्रश्न, पगार टायमात. सुपारीबागेत तो वीस वर्षांचा होता असं धरा. 1936 साली पगाराच्या वेळेचा कायदा झाला तेव्हा तो जिवंत असला तर बहात्तर वर्षांचा, बहुधा गावी, ओटीवर बसलेला. हजाराहून कमी माणसं असतील तर पगार सात तारखेच्या आत, जास्त असतील तर दहाच्या. त्यानं अर्जात पंधरा मागितली होती.