व्यापक दावा आणि ऐनाची साल

पेटंट-परीक्षण हा विषय वकिलांपुरता आहे असे समजून अनेकजण दूर राहतात. पण ऐन, बेहडा, मोह, बिजा यांचे उपयोग ज्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात घरोघरी ठाऊक आहेत, तिथल्या विद्यार्थ्यांना, संशोधकांना आणि ग्रामसभांच्या कार्यकर्त्यांना तो शिकण्याची गरज सर्वाधिक आहे.

समजा, एका अर्जात दावा आहे: टर्मिनालिया प्रजातीतल्या कोणत्याही झाडाच्या सालीचा अर्क घातलेले, जखमेवर लावायचे मलम. या एका वाक्यात ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा सगळे येतात. चार झाडे, अर्क काढण्याच्या पाच रीती आणि मलमाची चार पायाद्रव्ये धरली, तरी ऐंशी वेगवेगळे प्रकार होतात. ठरलेल्या वेळात परीक्षकाने या सगळ्यांचा शोध कसा घ्यावा?

अमेरिकेत यावर 'स्पीशीज इलेक्शन' ही रीत आहे. तिचा आधार तिथल्या १९५२ च्या पेटंट कायद्याचे कलम १२१. प्रकार एकमेकांहून खरोखर वेगळे असतील आणि सगळ्यांचा शोध जड जाणार असेल, तर परीक्षक अर्जदाराला एक प्रकार निवडायला सांगतो. अर्जदार हरकत घेऊ शकतो, पण निवड त्याला करावीच लागते. त्याने ऐन निवडला, तर शोध ऐनापासून सुरू होतो. व्यापक दावा टिकला, तर बाजूला ठेवलेले प्रकारही विचारात घेतले जातात. तो पडला, तर त्यांच्यासाठी विभाजित (मूळ अर्जातून वेगळ्या काढलेल्या) अर्जाची वाट मोकळी असते. म्हणजे निवडीने बाकीच्या प्रकारांवरचा हक्क सुटत नाही, तपासणीचा क्रम ठरतो.

आपल्याकडे निवडीची अशी स्वतंत्र पायरी नाही. १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम १०(५) सर्व दावे एकाच संशोधन-कल्पनेने जोडलेले असावेत असे सांगते, आणि कलम १६ अर्जाच्या विभाजनाची सोय करते.

या अभ्यासातला एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. एकाच प्रकाराचा जुना आणि पुरेसा नेमका पुरावा सापडला, तरी त्याला पोटात घेणारा व्यापक दावा नवा ठरत नाही. उलट, ढोबळ जुन्या नोंदीने नेमका दावा सहसा अडत नाही. 'इथल्या साली औषधी आहेत' या नोंदीचा उपयोग थोडा. झाड कोणते, साल कशी वापरली, कशात वाटली, कशावर लावली हे लिहिलेल्या नोंदीचे वजन मोठे. जखमेवरील हळदीच्या वापराचे अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) जुने छापील पुरावेच पुढे ठेवले होते.

आपला कायदा आणखी एक दार उघडतो. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्यापूर्वी, कोणीही कलम २५(१) खाली विरोध नोंदवू शकतो, आणि स्थानिक समाजाचे मौखिक ज्ञानही त्याचा आधार होऊ शकते. २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्याच कायद्याखाली. म्हणून कोणते ज्ञान नोंदवायचे, कोणते उघड करायचे आणि कोणते गावातच ठेवायचे, हा निर्णय ग्रामसभेचा असला पाहिजे. अभ्यासकाने तो परस्पर घेऊ नये.

नागपूरच्या राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत पेटंट परीक्षक प्रशिक्षण घेतात, आणि गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आहे. तज्ज्ञता आणि जंगलाचे ज्ञान यांच्यातले अंतर काही तासांच्या प्रवासाचे आहे. सुरुवात साधी करावी: वनस्पतीवरचा एखादा प्रसिद्ध अर्ज घ्यावा, पहिल्या दाव्यात किती प्रकार येतात ते मोजावे, आणि त्यांतले कोणते आपल्या भागात आधीपासून ठाऊक आहेत हे जाणत्या माणसांना विचारावे. त्यांच्या उत्तरांतूनच परीक्षकाला काय दाखवायचे, हे कळू लागते.