धनुर्वेद

धनुर्वेद म्हणजे प्राचीन भारतातील युद्धविद्येचे शास्त्र होय. परंपरेने त्याची गणना यजुर्वेदाचा उपवेद म्हणून केली जाते. ‘धनुष्याचा वेद’ असा शब्दशः अर्थ होत असला, तरी खड्ग, गदा व भाला यांचे प्रयोग, बाहुयुद्ध, रथ, हत्ती व घोडा यांवरून करावयाचे युद्ध आणि सैन्याची व्यूहरचना हे विषयही त्यात येतात. धनुष्य हे सर्व आयुधांत श्रेष्ठ मानले गेल्यामुळे संपूर्ण विद्येला त्याचे नाव मिळाले. या शास्त्राचा एकच मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. निरनिराळ्या काळांतील ग्रंथांत विखुरलेल्या प्रकरणांवरून त्याचे स्वरूप कळते.

ग्रंथपरंपरा

ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील ७५ वे सूक्त युद्धसाधनांच्या स्तुतीचे आहे. त्याच्या १९ ऋचांत कवच, धनुष्य, प्रत्यंचा, भाता, बाण, सारथी, घोडे इत्यादींचा गौरव आढळतो. अग्निपुराणातील चार अध्याय (२४९ ते २५२) धनुर्वेदाला वाहिलेले आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागार आणि व्यूहरचना यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात, तसेच १३६३ च्या सुमाराच्या ‘शार्ङ्गधरपद्धती’तही हा विषय आला आहे. वसिष्ठांनी विश्वामित्रांस केलेला उपदेश अशा स्वरूपाची ‘वासिष्ठ धनुर्वेदसंहिता’ प्रसिद्ध असून तिची आजची संहिता उत्तरकालीन आहे.

आयुधांचे वर्गीकरण

अग्निपुराणात युद्धाच्या साधनांचे पाच प्रकार सांगितले आहेत : यंत्रमुक्त म्हणजे धनुष्यासारख्या साधनाने सोडलेले, पाणिमुक्त म्हणजे हाताने फेकलेले, मुक्तसंधारित म्हणजे फेकून परत घेता येणारे, अमुक्त म्हणजे तलवारीप्रमाणे हातातच राहणारे, आणि शस्त्राविना केलेले बाहुयुद्ध. यांत धनुष्याचे युद्ध श्रेष्ठ, भाल्याचे मध्यम व खड्गाचे कनिष्ठ मानून बाहुयुद्धाला त्याहून खालचे स्थान दिले आहे.

धनुष्य आणि बाण

अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड व शिंग यांपासून केलेली धनुष्ये नोंदली आहेत. प्रत्यंचेसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू व स्नायू यांचा उपयोग होई. बाणांची टोके लोखंड, हाड किंवा लाकूड यांची असत. वासिष्ठ संहितेनुसार शिंगाचे धनुष्य प्रामुख्याने हत्तीवरील योद्ध्यास व घोडेस्वारास, तर बांबूचे रथी व पायदळ यांस योग्य होय. अग्निपुराणात चार हात लांबीचे धनुष्य उत्तम, साडेतीन हातांचे मध्यम आणि तीन हातांचे कनिष्ठ म्हटले आहे.

शिक्षण आणि अभ्यास

धनुर्धराच्या उभे राहण्याच्या पद्धतींना ‘स्थान’ म्हणतात. समपद, वैशाख, मंडल, आलीढ व प्रत्यालीढ ही त्यांतील काही नावे आहेत. यांपैकी आलीढ व प्रत्यालीढ या संज्ञा मूर्तिशास्त्रातही रूढ झाल्या. वेरूळ येथील शिल्पांत रथारूढ त्रिपुरांतक शिवाचे धनुर्धारी रूप कोरलेले आहे.

वासिष्ठ संहितेत लक्ष्याचे चार प्रकार दिले आहेत. ‘स्थिर’ प्रकारात धनुर्धर व लक्ष्य दोन्ही स्थिर असतात. ‘चल’ प्रकारात लक्ष्य हलते. ‘चलाचल’ प्रकारात धनुर्धर हलतो. आणि ‘द्वयचल’ प्रकारात दोन्ही हलतात. दिवसभरात ४०० बाण सोडणारा उत्तम, ३०० सोडणारा मध्यम व २०० सोडणारा कनिष्ठ, अशी प्रतवारी आहे. धनुष्य आपल्या बाहुबलापेक्षा किंचित कमी ताकदीचे असावे, कारण ते ओढताना पीडा होणाऱ्या धनुर्धरास लक्ष्य दिसत नाही, हा व्यवहारी सल्लाही तेथे आढळतो.

अध्ययनाचा अधिकार

अग्निपुराणानुसार धनुर्वेदाचा गुरू ब्राह्मण असावा. शूद्रास युद्धाचा अधिकार आपत्काळी सांगितला आहे. महाभारताच्या आदिपर्वात निषादपुत्र एकलव्य गुरूने नाकारलेली विद्या स्वतःच्या अभ्यासाने मिळवतो आणि गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा गमावतो. विद्या कोणास द्यावी, या प्रश्नाच्या चर्चेत ही कथा आजही आधाराला घेतली जाते. कौटिल्याचा दृष्टिकोन मात्र उपयुक्ततेचा आहे. शत्रू प्रणिपाताने ब्राह्मणसैन्यास वश करू शकतो, म्हणून शस्त्रविद्येत तयार झालेले क्षत्रियसैन्य अथवा संख्येने मोठे वैश्य-शूद्रसैन्य बरे, असे त्याने म्हटले आहे.

युद्धधर्म

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात विषारी, काटेरी व अग्नीने पेटवलेल्या टोकांच्या बाणांचा निषेध केला आहे. शरण आलेला, झोपलेला, निःशस्त्र किंवा पळणारा शत्रू मारू नये, असेही तेथे म्हटले आहे. याउलट अर्थशास्त्रात विषप्रयोग व कूटयुद्ध यांचे सविस्तर विवेचन आहे. महाभारतातही भीष्मपर्वाच्या आरंभी उभय पक्ष युद्धाचे नियम ठरवतात. पुढे ते एकेक करून मोडले जातात. सौप्तिकपर्वात तर धनुर्वेदाचे आचार्य द्रोण यांचाच पुत्र अश्वत्थामा रात्री झोपलेल्या वीरांची हत्या करतो. शस्त्राचे कौशल्य आणि त्यावरील संयम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाकाव्यातून स्पष्ट होते.

ऐतिहासिक पुरावे

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इराणचा सम्राट झर्क्सीझ याच्या सैन्यातील भारतीयांचे वर्णन केले आहे. सुती वस्त्रे, वेताची धनुष्ये आणि लोखंडी टोकांचे वेताचे बाण यांचा त्यात उल्लेख येतो. सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या आधारे आरियन लिहितो, की भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाच्या उंचीचे असे. ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढले जाई. हात सुमारे ४५ सेंटिमीटरचा धरल्यास चार हातांचे धनुष्य जवळपास तेवढ्याच लांबीचे, म्हणजे सुमारे १.८ मीटरचे ठरते. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाशी झालेल्या लढाईत निसरड्या जमिनीवर अशी धनुष्ये टेकवता आली नाहीत, असे रोमन लेखक कर्टिअस याने नोंदवले आहे. समुद्रगुप्त व दुसरा चंद्रगुप्त यांच्या ‘धनुर्धर’ प्रकारच्या सुवर्णनाण्यांवर राजा हाती धनुष्य घेतलेला दिसतो.

बंदुका व तोफांचा प्रसार झाल्यावर रणांगणावरील धनुष्याचे महत्त्व क्रमाने ओसरले. धनुर्वेदाची प्रकरणे मात्र पुराणे, राजनीतिग्रंथ व सुभाषितसंग्रह यांच्या आश्रयाने टिकून राहिली.