थेम्स नदीवरील डॉगेटची शर्यत

आपल्या गावच्या स्मरणिकेत विलायतच्या नदीची हकिगत कशाला, असे कोणी विचारील. परंतु एका माणसाने मागे ठेवलेली देणगी तीनशे वर्षांवर कशी चालली, हे ग्रामस्थ व देणगीदार मंडळींना वाचावेसे वाटेल, म्हणून हा खटाटोप.

थॉमस डॉगेट हा मूळचा आयर्लंडचा. लंडनच्या रंगभूमीवर विनोदी नट म्हणून त्याने नाव कमावले व पुढे ड्रुरी लेन नाटकगृहाच्या चालकांपैकी तो एक झाला. त्या काळी लंडन शहरात थेम्सवर पूल एकच होता. पैलतीरी जायचे तर नावाडी गाठावा लागे. एका वादळी रात्री सर्वांनी नकार दिला असता, नुकतीच उमेदवारी संपविलेल्या एका तरुण नावाड्याने डॉगेटला घरी पोहोचविले, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे! नक्की एवढेच की, हा गृहस्थ राजा पहिला जॉर्ज याचा कट्टर अभिमानी होता. राजा गादीवर आल्यास वर्ष झाले, त्या आनंदाप्रीत्यर्थ १ ऑगस्ट १७१५ रोजी त्याने ही शर्यत लावली.

नियम साधा. त्या वर्षी उमेदवारी पुरी केलेले सहा तरुण नावाडी, आणि लंडन ब्रिजपासून चेल्सीपर्यंत सुमारे साडेसात किलोमीटर अंतर. तेही उतारूंच्या जड होड्या ओहोटीच्या उलट वल्हवीत! जवळजवळ दोन तास लागत. जिंकणाऱ्यास अंगरखा आणि बाहीवर लावावयाचा चांदीचा मोठा बिल्ला मिळे. बिल्ल्यावर घोडा व ‘स्वातंत्र्य’ या अर्थाचा शब्द.

डॉगेट १७२१ साली वारला. नट म्हटला की हिशेबात ढिला, असा आपला समज. पण याचे मृत्युपत्र पाहावे. बिल्ल्यासाठी ५ पौंड, कापडासाठी १८ शिलिंग, शिलाई व बटणांसाठी १ पौंड १ शिलिंग, नावाड्यांच्या संस्थेच्या कारकुनासाठी ३० शिलिंग, आणि हे सर्व दरसाल कायम चालावे, अशी तरतूद त्याने लिहून ठेवली. पुढे ही व्यवस्था मासळी व्यापाऱ्यांच्या फिशमाँगर्स कंपनी या जुन्या संस्थेकडे आली व अद्याप तिच्याकडेच आहे.

काळानुसार बदलही झाले. १८७३ पासून शर्यत भरतीबरोबर होऊ लागली, होड्या हलक्या आल्या, आणि दोन तासांचे काम अर्ध्या तासावर आले. १९७३ साली तर एकाने २३ मिनिटे २२ सेकंदांत अंतर कापले. १९९२ साली प्रथमच एक तरुणी शर्यतीत उतरली. ज्या राजासाठी हे सारे मांडले, त्याची आठवण आता काठावरच्या किती जणांना होत असेल कोण जाणे. अंगरखा मात्र सारे ओळखतात.

दोन्ही महायुद्धांत शर्यत थांबली. पण त्या वर्षांच्या नावाड्यांचा हक्क बुडू दिला नाही. १९१५ ते १९१९ या पाच सालांच्या शर्यती १९२० साली घेतल्या, आणि दुसऱ्या युद्धात राहिलेल्या १९४७ साली. ज्याच्या त्याच्या सालाचा बिल्ला ज्याला त्याला मिळाला.