अर्ध्या आण्याचे टपाल आणि सुरत

सुरतेच्या इतिहासात वखारी, चौथाई आणि 1664 व 1670 च्या शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या यांविषयी विपुल लेखन झाले आहे. टपालाच्या हशिलाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. एके काळी इंग्रज वखारवाल्यांचे विलायती कागद सुवाळीच्या बंदरातून जहाजांबरोबर रवाना होत. पुढे तापीचे मुख गाळाने भरले आणि व्यापार मुंबईकडे वळला. 20 मार्च 1830 रोजी मुंबईहून निघालेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 22 एप्रिलला सुएझला पोहोचली, तेव्हा विलायती डाकेचे दार कोणत्या शहरी राहणार हेही ठरून गेले.

परंतु आमच्या मते खरा प्रश्न देशातील पत्रांचा होता. 1837 च्या कायद्याने पत्रे वाहण्याचा मक्ता कंपनी सरकारने आपल्याकडे घेतला. हशील वजनावर आणि अंतरावर बसे. कलकत्त्याहून मुंबईस तोळाभर पत्राला एक रुपया पडे. पायदळातील शिपायास त्या काळी दरमहा 7 रुपये मिळत, हे ध्यानी घेतले म्हणजे पत्र ही कोणाची चैन होती ते कळते. मुंबई-सुरत हे अंतर त्या मानाने थोडे, म्हणून हशीलही कमी; पण न्याय तोच. सुरतेच्या सराफांचा भरवसा आंगडियांवर असे. हा पेशा तेथे आजही जिवंत आहे, हे त्या भरवशाचेच फळ होय.

व्यापाऱ्यांना आंगडिये होते, शिक्षकांना कोण? मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग सुरतेच्या इंग्रजी शाळेत असताना त्यांनी 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजी प्रभृतींसह तेथे मानवधर्मसभा स्थापिली. 1846 मध्ये दादोबा मुंबईस गेले, 1852 मध्ये दुर्गाराम राजकोटास, सभा निमाली. महाग टपालाने ती बुडविली असे आम्ही म्हणत नाही. लोकक्षोभाचे भय हे कारण अधिक बलवत्तर असावे. तथापि तीन गावी विखुरलेल्या मंडळींस बांधून ठेवणारे स्वस्त साधन तेव्हा नव्हते, एवढे निश्चित.

ते आले 1 ऑक्टोबर 1854 रोजी. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास, कितीही अंतर असो, अर्धा आणा. त्यासाठी निळे तिकीट. पाव तोळा म्हणजे जेमतेम 3 ग्रॅम! लिहिणारा कागद पातळ आणि अक्षर बारीक ठेवी, यात नवल नाही. 1869 मध्ये त्याच दरात अर्धा तोळा जाऊ लागला, आणि 1 जुलै 1879 पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. दुर्गाराम तत्पूर्वी 1876 मध्ये निवर्तले होते. दादोबा त्यानंतर तीन वर्षे हयात होते.